रागावर फेडलेलं कर्ज

कर्ज कोणी कष्टानं फेडतं, कोणी काटकसरीनं, कोणी बायकोचे दागिने मोडून, आणि बहुतेक जण दुसरं कर्ज काढून. निव्वळ रागावर कर्ज फेडलेला माणूस गोदावरीच्या अल्याड-पल्याड आजवर एकच झाला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. हे लिहायला बसलो तर मलाच इतका राग आला की लेखणी कागदातून आरपार गेली. पण नातं थोरलं असल्यामुळे रागातसुद्धा अहो-जाहो करणं भाग आहे. तेव्हा आमचे थोरले साडू. उंची साडेपाच फूट. त्यातला साडेचार फूट राग आणि वरचा एक फूट भुवया. मूळचे वैजापूरकडच्या शेतकरी घरातले, पण शहरात कारखाने उभे राहू लागले तसे चिकलठाण्याच्या एका कंपनीत मशीनवर लागले, सिडकोत एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं, आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी, म्हणजे आमच्या अक्काशी, लग्न करून सुखानं राहू लागले. हे सुख तीन वर्षं टिकलं. त्या काळात ते हसायचे असं अक्का सांगते. मी स्वतः पाहिलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही.

घात केला जामिनानं. आपल्याकडे जामीन राहणं हा व्यवहार नसतो, ती अब्रू असते. मागणारा कधी एकांतात मागत नाही. चार माणसांत मागतो, तुमच्या हातात चहाचा कप देऊन मागतो, आणि तुमचा चहा निम्मा पिऊन होईपर्यंत विषय काढत नाही. कारण निम्मा चहा पोटात गेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलेलं असतं. साडूंच्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या सोबत्यानं बहिणीच्या लग्नासाठी पतपेढीतून अठरा हजार काढायचं ठरवलं आणि कंपनीसमोरच्या हॉटेलात साडूंना चहा पाजला. साडूंनी सही केली. पेनसुद्धा त्या सोबत्याचाच. चौथ्या महिन्यात गडी बायकापोरांसह आणि घरमालकाच्या पंख्यासह नाहीसा झाला. बहीण होती की नव्हती याचा छडा आजतागायत लागलेला नाही. तो माणूस मला भेटला तर मी त्याला मारणार नाही, शिवी देणार नाही. एक कप चहा पाजीन आणि कोणाच्यातरी कर्जाला जामीन राहायला लावीन.

पतपेढीची नोटीस आली ती पाडव्याच्या दिवशी, पाट मांडलेले असताना. साडूंनी ती उंबऱ्यात उभ्यानं वाचली, मग अक्काला वाचून दाखवली, आणि पाटावर न बसता बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी आणि बायको समाचाराला गेलो. मला वाटलं होतं माणूस डोक्याला हात लावून बसला असेल. ते खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठा शोध लागलेल्या माणसाचं तेज होतं.

"पाव्हणं," ते म्हणाले, "काल सकाळधरनं किती खर्च झाला असंल माजा? सांगा."

मी म्हणालो, "मला काय माहीत."

"पाच पैसे नाय. चिडल्याल्या माणसाला चहा लागत नाय, बस लागत नाय, पान लागत नाय. भाकर अर्धीच जाती. माणूस लुटला जातो तो खुशीत. सण बघा, लगीन बघा, पगाराचा दिवस बघा. सगळी खुशीची कामं. म्हणून ठरीवलं. कर्ज फिटंस्तवर खूश व्हायचं नाय."

लोक असं बोलतात आणि चार दिवसांनी बटाटेवडा खाताना दिसतात. आमचे साडू सहा वर्षं खूश झाले नाहीत. पगाराचा तिसरा हिस्सा पतपेढीला जायचा आणि उरलेल्या दोन हिश्श्यांवर राग राखण करायचा. कंपनीत दसऱ्याच्या पूजेला काढलेला सगळ्या कामगारांचा एक फोटो होता. त्यात तो पळालेला सोबती आणि साडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. हा फोटो त्यांनी आरशाशेजारी टांगला. सकाळी दाढी करताना पाच मिनिटं ते त्याच्याकडे बघायचे आणि गालाला साबण लागायच्या आत गाल तापून लाल व्हायचे. साबण त्यामुळे कमी लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग तसेच, रागाच्या भरात, सिडकोहून चिकलठाण्याला पायी. बाजूनं बस गेली की बसवर चिडायचे, आणि बसवर चिडलेला माणूस बसच्या पुढं चालतो हे मी स्वतः पाहिलं आहे. भाजी आणायला शहागंजच्या मंडईत गेले की वांगीवाल्या मावशी भाव न सांगताच किलोच्या जागी दीड किलो पिशवीत टाकून म्हणायच्या, "न्या बाबा, आन दुसऱ्या गिऱ्हाइकाला येऊ द्या."

पण एका माणसाचा राग किती दिवस पुरणार? दुसऱ्या वर्षी तो फोटो बघून साडूंना जांभई येऊ लागली. तेव्हा त्यांनी रागाची नवी ठिकाणं शोधली. नळाला एक दिवसाआड येणारं पाणी, शेजारच्याचा रेडिओ, वैजापूरच्या बाजारातला कांद्याचा भाव, आणि मी. मी त्यांचा तिमाही राग होतो. दर तीन महिन्यांनी रविवारी सकाळी ते पदमपुऱ्याला माझ्या घरी चालत यायचे, खुर्चीवर बसायचे आणि माझ्या घरावरून नजर फिरवायचे.

"पंखा नवा घेतला म्हणं."

"हो, उन्हाळा फार होता."

"उनाळा आमच्या सिडकोतबी व्हता." मग बायकोकडे वळून, "ह्यो गालिचा कितीचा?"

गालिचा कसला, शेंदरी रंगाची सतरंजी होती ती. पण साडूंच्या तोंडून ऐकताना मलाच आपण निजामाच्या खजिन्यावर बसलोय असं वाटायचं. अर्ध्या तासात त्यांना पुरेसा राग यायचा. तो गरम असतानाच ते उठायचे आणि पुढचे तीन महिने त्या सतरंजीच्या जिवावर काढायचे. कंपनीसमोरच्या हॉटेलाचे म्हातारे चाचा एकदा मला म्हणाले, "तुम्हारे साडू कू बोलो, इत्ता गुस्सा पेट में लेके फिरते, चाय कू जगा किधर रहती?" मी हे साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "चहा पिला का राग जातो. राग गेला का कर्ज ऱ्हातं. चाचाला काय, त्येचं दुकान हाय."

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगतो. कंपनीत पगार व्हायचा सात तारखेला. कर्जाच्या घरातली सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे पगाराची संध्याकाळ. पाकीट हातात असतं, बायको दारात उभी असते, गुलमंडीच्या बाजारात दिवे लागलेले असतात. त्यामुळे सात तारखेला संध्याकाळी साडूंच्या घरी न चुकता भांडण व्हायचं. पाकीट फोडायच्या आधी. मग अक्का पिशवी भरायची, शहर बसनं पदमपुऱ्याला यायची आणि आमच्या दारात उभी राहून म्हणायची, "मी नाय राहत त्यांच्याजवळ." माझी बायको गळ्यात पडून रडायची. अक्का आठ दिवस राहायची. पहिल्या वर्षी मी त्या आठ दिवसांत जेवलो नाही, इतकं मला वाईट वाटायचं. पंधरा तारखेला मी तिला समजावून, जिलबीचा पुडा घेऊन, सिडकोत पोचवायला जायचो. साडू जिलबी बघून माझ्यावर ओरडायचे की एवढा खर्च कशाला, आणि ओरडता ओरडता पुडा संपवायचे. रुसवा मिटायचा. मी बसनं परत यायचो आणि देवाला हात जोडायचो की बाबा, यांचा संसार सांभाळ. पुढच्या सात तारखेला पुन्हा पिशवी.

अशी दोन वर्षं गेली. आमच्याकडची ज्वारी महिनाअखेरीच्या आधीच तळाला जाऊ लागली. वाण्यानं मला विचारलं, घरी पाव्हणे असतात का, की पैलवान ठेवलाय? तरी मी गप्प होतो, कारण मोडत्या संसाराला आधार देताना ज्वारी मोजायची नसते. मग एका सात तारखेला ऑफिस लवकर सुटलं. म्हटलं, या खेपेला भांडण पेटायच्या आधीच जाऊन विझवावं. सिडकोत पोचलो, दार लोटलेलं, आत दोघं बोलत होती. आवाज अगदी थंड.

"मागल्या डावाला माहेरचं घेतलं व्हतं," साडू म्हणत होते. "आज काय घ्यावं?"

"तुमच्या थोरल्या भावाचं घ्या. लई दिवस झालं नाय घेऊन."

"नको. त्येनं मला खरंच राग येतो."

"मंग भाजी खारट झाली म्हणा."

"भाजी झाली कुठं अजून?"

"त्येवरूनच करा की. अजून भाजी झाली नाय म्हणून."

"हां. ते बराबर हाय. मी सुरू करू का तू करती?"

मी दार लोटून आत गेलो. सुरू झालो तो वीस मिनिटं थांबलो नाही. मी जिलब्यांचा हिशेब मांडला, बसभाडं मांडलं, बायकोचे अश्रू मांडले. साडूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बसा पाव्हणं. खरं भांडण कसं परवडावं? खऱ्या भांडणात भांडी फुटत्यात."

"पण मग अक्का माझ्याकडे रुसून का येते? तसंच यायचं, बहिणीकडे."

"तशी आली तर दोन दिवसांत तुमी कटाळशाल. रुसून आलेल्या बाईला कोन जा म्हणतंय?"

अक्का चूल पेटवत होती. ती मान खाली घालून हसत होती की धुरानं डोळे चोळत होती हे मला कळलं नाही. मला कळलं ते एवढंच, की मराठवाड्यातलं एक कर्ज माझ्या कणगीतून फिटतं आहे आणि त्याची पावती दुसऱ्याच्या नावानं निघते आहे.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, उद्यापासून तुझ्या बहिणीला या घरात भाकरी नाही. ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी अक्का आली आणि जेवायला बसली. मी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "भाकरी नाही वाढली. भात वाढलाय." शिवाय अक्का काही फुकट खात नव्हती, असंही तिनं मला सुनावलं. आठ दिवस ती आमच्या शिलाई मशीनवर बसून गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. पदमपुऱ्यातल्या साड्या तर यायच्याच, पण पुढं पुढं उस्मानपुऱ्याहूनही गठ्ठे येऊ लागले. त्या पैशांचं काय होतं, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात कमावते किती आणि विचारणारा कोण, हे एव्हाना ठरून गेलं होतं.

साडू मात्र पगाराच्या आठवड्यात आमच्याकडे कधी यायचे नाहीत. रुसलेल्या बायकोच्या दारात गेलं की समेट होतो, समेट झाला की खर्च होतो. सहावं वर्ष सरत आलं, शेवटचे चार हप्ते उरले, आणि त्या महिन्यात अक्का चुकून घराची किल्ली पिशवीत घेऊन आली. साडूंना येणं भाग पडलं. सिडकोहून पदमपुऱ्यापर्यंत पायी येऊन ते खाटेवर बसले होते, बायको पाणी देत होती, अक्का मशीनवर होती, आणि तेवढ्यात पोस्टाच्या बचतीच्या एजंट बाई दारात आल्या. हसतमुख बाई. बॅगेतून एक बुक काढून त्या म्हणाल्या, "अक्का, या महिन्याचे साठ द्या. पुढल्या महिन्यात मुदत भरतेय बघा तुमची. पाच वर्षं कशी गेली कळलं नाही."

साडूंनी हात पुढं केला. बाईंनी बुक त्यांच्या हातात दिलं. खातं दोघी बहिणींच्या नावानं होतं. त्यांनी पहिलं पान बघितलं, मग एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले. मशीन थांबली.

"पतपेढी आपल्याकडनं अठरा टक्क्यानं घेती," ते म्हणाले. "पोस्ट किती देतं?"

"अकरा," एजंट बाई उत्साहानं म्हणाल्या. त्यांना वाटलं नवं गिऱ्हाईक आहे.

"म्हंजे मधले सात टक्के आपण पाच वर्षं रस्त्यावर वतलं. मी चहा सोडला. चपलीला चार डाव तळ मारलं. आन घरात पैसा व्हता."

"घरात नव्हता. पोस्टात व्हता," अक्का म्हणाली.

"मला का नाय सांगितलं?"

अक्कानं साडीचा दोरा दातानं तोडला. "सही केली तवा तुमी मला सांगितलं व्हतं?"

सहा वर्षांत या नवरा-बायकोनं ठरवून सत्तर भांडणं केली होती. माहेर, मीठ, भाऊ, पाणी, रेडिओ, भाजी झाली, भाजी नाही झाली. हा एक विषय दोघांपैकी कोणीही कधी काढला नव्हता. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला होतो आणि मला एकदम लक्षात आलं की इतकी वर्षं ते इतर सगळ्या विषयांवर भांडत होते ते याच्यावर भांडायला लागू नये म्हणून.

"नोटीस आली तवा कळलं मला," अक्का बोलत राहिली. आवाज चढला नव्हता. "ते बी तुमी वाचून दाखवली म्हणून. लेकरू म्हणलं का फिटल्यावर बघू. लुगडं म्हणलं का फिटल्यावर बघू. आन फिटल्यावर काय? हात मोकळा झाला का कुनीबी चहा पाजंल, तुमी पुन्हा सही कराल. तवा खायाचं काय? म्हणून ठिवलं. टक्के मलाबी कळत्यात."

साडू ओरडले नाहीत. मी वाट बघत होतो. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाट बघत होतं. त्यांनी बुक मशीनच्या कोपऱ्यावर ठेवलं, किल्ली उचलली आणि चपला घातल्या. एजंट बाईंनी विचारलं, "भाऊ, तुमचंही एक खातं काढायचं का?" ते त्यांच्याकडे बघून मान हलवून निघून गेले.

"भांडले पण नाहीत," माझी बायको म्हणाली.

"खरंच लागलं त्यांना," अक्का म्हणाली आणि पुढची साडी ओढली.

त्या खेपेला आठ दिवस झाले, पंधरा झाले, वीस झाले. अक्का जाईना. मी जिलबी आणली, ती मुंग्यांनी खाल्ली. इतकी वर्षं मी चिडायचो ती का येते म्हणून. आता मला झोप येईना ती का जात नाही म्हणून. दिवसभर मशीन चालायची. बायको तिला काही विचारायची नाही आणि मला काही सांगायची नाही. शेवटी मी दुपारची रजा टाकून चिकलठाण्याला गेलो. साडू कंपनीसमोरच्या हॉटेलात बसले होते. पुढ्यात चहा होता, आणि शेजारी आधीच्या चहाचा रिकामा कप. चाचांनी मला बाजूला घेतलं. सहा वर्षं ज्यांनी या गिऱ्हाइकाच्या नावानं खडे फोडले, तेच चाचा काळजीनं म्हणाले, "चार रोज से पी रहे. मेरेकू अच्छा नई लगरा."

मी समोर बसलो. "हप्ता भरला का?"

"नाय."

"दहा तारखेचा हप्ता होता. सहा वर्षांत एक चुकला नाही."

"पैसे हायेत खिशात. पाय उचलंना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या भुवया इतक्या खाली आलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. "राग येईना, पाव्हणं. फोटो बघतो, येईना. आता तुमाला बघतोय, तरी येईना. तिनं जे इचारलं त्येचं उत्तर नाय माज्यापाशी."

तेव्हा मात्र मी चिडलो. आयुष्यात एवढा चिडलो नव्हतो. भर हॉटेलात उभा राहून मी त्यांना म्हणालो की सहा वर्षं माझी ज्वारी खाऊन, माझ्या सतरंजीला नावं ठेवून, माझ्या बायकोला खोटं रडवून तुम्ही इथवर आलात, आणि चार हप्ते उरले असताना तुम्ही चहा पिता? तो पळपुटा परवडला, तो निदान एकदाच पळाला. असं बरंच म्हणालो. पाळी सुटलेले कामगार गोळा झाले. साडू ऐकत होते. मला धाप लागली तेव्हा ते म्हणाले, "तुमाला आता दोन दिवस भूक नाय लागायची."

"ते राहू द्या. उत्तर नाही ना? मग उत्तर देऊ नका. तिला काहीतरी विचारा."

"काय इचारू?"

"काहीही. नऊ वर्षांच्या संसारात एक गोष्ट विचारा तिला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साडू सकाळी आले, आणि बसनं आले. तिकीट अजून हातात होतं. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून, पाहुण्याच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसासारखे म्हणाले, "राहिल्याला हप्ता काल दंडासकट भरला. आता तीनच ऱ्हायलेत. पोस्टाचं पैसं मिळाल्यावर त्यातनं एकदम भरून टाकू का? व्याज वाचंल." मग तिकीट बोटांत फिरवत, "तुला इचारतो."

हिशेब बिनतोड होता. पहिलीतल्या पोरालाही पटला असता. अक्का मशीनवरून उठली, दाराशी आली आणि बराच वेळ त्यांच्या हातातल्या तिकिटाकडे बघत राहिली.

"नको," ती म्हणाली.

"नको?"

"त्या पैशाला हात नाय लावायचा. तीन म्हैने पगारातनं भरू."

मी साडूंच्या कपाळाकडे बघत होतो. ते सात टक्के त्यांच्या कपाळावर निखाऱ्यासारखे फुलले. भुवया वर गेल्या, केसांत शिरल्या, आता डोक्यामागून खाली उतरतात की काय असं झालं. गळ्याची शीर टरारली. हा माणूस पाच पैशांसाठी बसच्या पुढं चालला होता. आणि मग सगळं हळूहळू जाग्यावर आलं.

"बरं," ते म्हणाले.

मी आजवर सावकारांचे, वकिलांचे, लग्नातल्या मानकऱ्यांचे पुष्कळ महागडे शब्द ऐकले आहेत. इतका महाग 'बरं' कोणाचाच नव्हता. अक्का आत जाऊन पिशवी घेऊन आली. पुढल्या महिन्यात मुदत भरली तेव्हा तिनं ते सगळे पैसे तसेच पुन्हा पोस्टात ठेवले, या वेळी दोघा नवरा-बायकोच्या नावानं, आणि काढायचे झाले तर दोघांच्याही सह्या लागतील अशा बोलीनं.

शेवटचा हप्ता भरायला आम्ही चौघंही गेलो. पतपेढीतल्या कारकुनानं बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला दिला. अठरा हजारांच्या आणि त्यावरच्या व्याजाच्या मानानं फार लहान कागद होता. साडूंनी उलटा करून बघितला, मागं काही लिहिलंय का म्हणून. बाहेर गुलमंडीवर संध्याकाळची गर्दी. आम्ही फुटपाथला उभे राहिलो. मला वाटलं आता काहीतरी होईल. सहा वर्षं तुंबलेली खुशी एकदम फुटेल, कापडाची दुकानं वाहून जातील.

"तुला काय घ्यायचंय?" साडूंनी विचारलं.

अक्कानं विचार केला. समोरच्या दुकानात लुगडी टांगलेली होती, तिकडे बघितलं. बांगड्यांकडे बघितलं. भांड्यांच्या दुकानासमोर थोडी थांबली. आम्ही औरंगपुऱ्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. तिला काही आठवेना. मागणं गिळायची सवय अशी लागली होती की आता ते बाहेर यायची वाटच विसरलं होतं. साडू दर दुकानासमोर थांबून तिच्या तोंडाकडे बघायचे, परीक्षेला बसलेल्या माणसासारखे. माझ्या बायकोनं माझा हात दाबला, बोलू नका म्हणून. मी बोलणार नव्हतोच. मला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं.

शेवटी अक्का म्हणाली, "पाय दुखत्यात. रिक्षानं जाऊ घरी."

साडूंनी हात केला. रिक्षा थांबली. त्यांनी भाव विचारला नाही. आधी तिला बसू दिलं, मग स्वतः बसले, आणि रिक्षा चालू झाली. आम्हा दोघांना या म्हणायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. तिघं-चौघं सहज मावतात रिक्षात. सहा वर्षं ज्यांना मी पोसलं ती माणसं मला भर गुलमंडीवर उभं करून निघून गेली, आणि पदमपुऱ्याची शेवटची बस सुटायला आली होती. मी तसाच उभा राहिलो. रिक्षाच्या मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, दोन टोकांना, ओळख नसलेली माणसं बसतात तशी, मध्ये हातभर जागा. पुढं वळणावर रिक्षा एका बाजूला कलली, आणि ती मधली जागा दिसेनाशी झाली. रिक्षा कलल्यामुळे झाली असेल. मला नक्की सांगता येत नाही.